परेश चुरीला हवी होती दोन झाडं

परेश चुरी बाजारातून कुठलीही वस्तू आणण्याआधी ती एकदा घरी बनवून बिघडवतो. त्याचं दार माझ्या दारासमोर, त्यामुळे बिघडलेल्या वस्तू बाहेर पडताना मला सगळ्यात आधी दिसतात. बाटल्यांचा कूलर मी पाहिला. मातीशिवाय पालक उगवणारे पाइप पाहिले. त्या पाइपांत हल्ली मुंग्या राहतात आणि मजेत आहेत. लॉकडाउनमध्ये त्याने स्वतःचे केस स्वतः कापले होते, तेव्हा ते वाढेपर्यंत त्याच्या बायकोने, ज्ञानदाने, त्याला व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायची बंदी केली होती.

नोकरी त्याची वसई पूर्वेला, खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात. क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या खोक्यांत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी तो स्वतः काही बनवतो तेव्हा खोट काढायचं काम ज्ञानदाकडे असतं, आणि तिला त्याचा पगार मिळत नाही. ती शाळेत शिकवते, माहेर साताऱ्याकडचं, आणि तिचं वाक्य साधारणपणे एकच असतं पण ते बसतं.

तर झालं असं, की कारखान्याची सहल एका तलावाकाठच्या कॅम्पवर गेली. जेवणानंतर बाकीचे पत्ते खेळत बसले आणि परेश दोन झाडांना टांगलेल्या एका हॅमॉकमध्ये जाऊन पडला. मॅनेजरने क्रिकेटसाठी हाक मारेपर्यंत तो तिथे हलत राहिला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा त्याला आतून स्वस्थ वाटलं. ज्ञानदा म्हणाली, ते बिर्याणीमुळे असेल. पण परेश हसला नाही. त्याने मोबाइलवर हॅमॉकची किंमत पाहिली, पुन्हा पाहिली, आणि एवढ्या मोठ्याने बोलला की मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. "कापडाचा एक तुकडा आणि दोन दोऱ्या! आणि याचे एवढे?"

मी गॅस बंद केला आणि दार किलकिलं करून ठेवलं. आता काहीतरी बाहेर पडणार हे मला कळलं होतं.

त्याची आई सुभद्राबाई हॉलमध्ये वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे झोळी. तू झोळीतच वाढला. दोन सुपारींना लुगडं बांधून तुला त्यात टाकायची आनि मी पानी सोडायची केळींना."

परेशने त्यांना समजावलं की ती झोळी आणि हा हॅमॉक. झोळीत मूल असतं, हॅमॉकमध्ये लोड कॅल्क्युलेशन. सुभद्राबाईंनी पुढचा वाल हातात घेतला. ज्ञानदा म्हणाली, "झोळीच म्हण. हातात तीच येणार आहे, आत्तापासून सवय राहील."

पहिला हॅमॉक जुन्या चादरीचा झाला. चादरीची दोन्ही टोकं चुणून दोरीने करकचून आवळायची, एवढंच त्याचं शास्त्र. पण परेशने ते शिकायला आठवडाभर परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहिले. दाढीवाली, धिप्पाड माणसं, मागे बर्फ. विरारच्या बोळिंजमध्ये, आमच्या इमारतीत बसून तो उणे तापमानात पाठ गार पडू नये म्हणून काय करावं ते शिकत होता. मग त्याने एक टोक खिडकीच्या ग्रिलला बांधलं आणि दुसरं लोखंडी कपाटाच्या हँडलला, आणि आत बसला. ग्रिल जागेवर राहिलं. चादरही राहिली. कपाट आलं. पलंगाने अडवलं म्हणून चुरी कुटुंब आज पूर्ण आहे.

शहाणा माणूस इथे थांबला असता. परेश म्हणाला की प्रयोग यशस्वी झाला, कारण कापड फाटलं नाही.

पुढचा महिना त्याने सामान जमवण्यात घालवला. वसई पूर्वेला बॅगा शिवणाऱ्यांचे गाळे आहेत, तिथे उरलेलं नायलॉन किलोवर मिळतं. ते फक्त भगभगीत नारिंगी रंगात शिल्लक होतं, कारण तो रंग बॅगवाल्यांनाही सोसला नव्हता. दोरीसाठी तो अर्नाळ्याला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदाराने सहज विचारलं, होडी केवढी आहे? परेशला खरं सांगायची लाज वाटली. तो म्हणाला, छोटीच आहे, आणि मग होडीचं नाव, बंदर, नाखवा असं सगळं रचून सांगावं लागलं. झाडाभोवती गुंडाळायला ट्रकवर माल आवळतात ते पट्टे आले. मच्छरदाणी लग्नाच्या मंडपवाल्याकडून आली. तिला गुलाबी टिकल्या होत्या, आणि डास बाहेर राहोत न राहोत, आतला माणूस नवरीसारखा दिसायचा.

आणि वर छप्पर म्हणून फ्लेक्स. आमच्याकडे फ्लेक्सला तोटा नाही. एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा भला मोठा फलक मंडपवाल्याने फुकट दिला. साहेब हात जोडून हसतायत, मागे सूर्य उगवतोय. परेशपुढे प्रश्न पडला की छापील बाजू वर ठेवायची की खाली. वर ठेवली तर कावळे साहेबांच्या तोंडावर घाण करणार आणि ते कुठल्या कार्यकर्त्याने पाहिलं तर परेशचं काही खरं नाही. म्हणून बाजू खाली घेतली. आता त्याच्या हॅमॉकमध्ये आडवं झालं की डोळ्यांसमोर आकाश, तारे वगैरे काही नाही. भावी नगरसेवक हात जोडून तुमच्यावर वाकलेले.

शिवणकाम त्याने सुभद्राबाईंच्या जुन्या मशीनवर केलं. त्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायच्या. नायलॉन घसरायचं, परेश मशीनवर ओरडायचा, आणि सुभद्राबाई शांतपणे म्हणायच्या, "तिच्यावर कशाला वरडते? ती लुगड्याचीच मशीन हाय."

हॅमॉक तयार झाला. मग लक्षात आलं की दोन झाडं हवीत.

इथे आमच्या सोसायटीची गोष्ट सांगायला हवी. तिचं नाव 'ऑर्चर्ड ग्रोव्ह'. गेटच्या आत चार ताडासारखी झाडं आहेत, ती बिल्डरने ट्रकमधून आणून लावली. त्यांना बांबूचे टेकू आहेत, आणि झाडं काढली तर बांबू उभे राहतील पण बांबू काढले तर झाडं राहणार नाहीत अशी स्थिती आहे. मात्र नाव खोटं नाही. इथे खरोखरच वाडी होती. चुरींचीच. नारळ, सुपारी, केळी, मोगऱ्याचे वाफे, मध्ये विहीर. परेशच्या वडिलांना ती विकायची नव्हती. परेश तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, आणि वाफ्यांना पाणी सोडण्याचा त्याला जन्माचा कंटाळा आलेला. त्यानेच वडिलांना समजावलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो हे अभिमानाने सांगतो की आम्ही योग्य वेळी बाहेर पडलो. आम्ही कोणी त्यावर काही बोलत नाही. बोलणार काय? माझी बेडरूम जिथे आहे तिथे केळी होत्या, असं सुभद्राबाई सांगतात.

दोन झाडं शोधायला परेश रविवारी टेप घेऊन बाहेर पडला. हॅमॉकला दोन झाडांमध्ये ठरावीक अंतर लागतं, आणि मध्ये मोकळी जागा. त्याला तलावापाशी एक आंबा सापडला, पण त्याची जोडी म्हणजे विजेचा खांब. एका रस्त्यावर बेताच्या अंतरावर दोन गुलमोहर होते, फक्त त्यांच्या मधून बस जायची. एका बंगल्याच्या आवारात उत्तम जोडी होती. तिथल्या वॉचमनने त्याला टेप लावताना पाहिलं आणि विचारलं की झाडं कधी तोडताय. त्याच्या मते टेप घेऊन येणारा माणूस झाडाशी दुसरं काय करणार?

शेवटी त्याने पार्किंगच्या दोन खांबांना हॅमॉक बांधला. आमचे सेक्रेटरी विलास सावंत खाली आले, त्यांनी नारिंगी कोशात पडलेला परेश पाहिला आणि संध्याकाळी नोटीस लागली: इमारतीचे खांब इमारतीचा भार वाहण्यासाठी आहेत, रहिवाशांचा नव्हे.

तोपर्यंत परेशचं व्हिडिओ चॅनेल सुरू झालं होतं. 'घरच्या घरी हॅमॉक'. त्यात तो गाठी शिकवायचा, कोणत्या कोनात पट्टा बांधावा ते सांगायचा, जंगलात प्राणी आला तर घाबरू नये असं सांगायचा. हे सगळं हॉलमधल्या सोफ्यावर बसून. उघड्यावर त्याने एक तासही काढलेला नव्हता, पण वसईच्या एव्हरशाईन सिटीतली कॉलेजची मुलं त्याला सर म्हणू लागली होती. कुणी विचारलं की सर, तुम्ही कुठे कुठे राहिलात, तर तो म्हणायचा, ठिकाण महत्त्वाचं नसतं.

झाडांचा प्रश्न सुभद्राबाईंनी सोडवला. आगाशीच्या बाजूला त्यांची मैत्रीण आहे, ॲंजेलाबाई. दोघी तरुणपणी विरारच्या बाजारात शेजारी शेजारी बसून विकायच्या. ही मोगरा आणि केळी, ती पडवळ, वांगी आणि चिकू. ॲंजेलाबाईंची वाडी अजून होती. चिकू, नारळ, सुपारीच्या रांगा, आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, ज्याचं पाणी पूर्वी वाफ्यांना सोडायचे. नवरा गेल्यापासून वाडी त्या एकट्या बघत होत्या. मुलगा फेबियन आखातात एका हॉटेलात कामाला होता, तो नुकताच परत आला होता आणि आता काय करावं याचा विचार करत पडवीत बसायचा.

ॲंजेलाबाईंनी त्यांच्या घरच्या बोलीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा की सुभद्राच्या मुलाला झाडाला काय टांगायचं ते टांगू दे, फक्त चिकूची फांदी मोडू नका.

पहिल्या दिवशी परेश आईलाही घेऊन गेला. हॅमॉक सुंदर लागला. हे मान्य केलंच पाहिजे. कापड ताणलं गेलं नाही, गाठ सुटली नाही, पट्ट्याने झाडाची साल सोलली नाही. सुभद्राबाईंनी आधी नको नको केलं, मग ॲंजेलाबाईंचा हात धरून आत बसल्या, आडव्या झाल्या, आणि झोपल्या. दुपारभर झोपल्या. वारा होता, बावखलावर खंड्या येऊन बसत होता. ॲंजेलाबाई पायरीवर बसून मैत्रिणीवर लक्ष ठेवून होत्या. परेशलाही म्हणे तेव्हा काहीतरी वाटलं. तो आईजवळ उभा राहून बघत होता. मग त्याने फोटो काढला आणि चॅनेलवर टाकला.

त्या फोटोत झालं होतं असं: नारिंगी कापडात गुंडाळलेली एक म्हातारी, डोळे मिटलेले, हात छातीवर. डोक्याशी झेंडूचं झाड. आणि वर हात जोडून उभे असलेले भावी नगरसेवक. परेशने खाली लिहिलं होतं, 'आईला अखेर शांती मिळाली.'

संध्याकाळपर्यंत दीडदोनशे माणसांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. परेशच्या मामेभावाने डहाणूहून फोन करून विचारलं की नेणार किती वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बायका पांढऱ्या साड्या नेसून लिफ्टमधून वर आल्या आणि दार सुभद्राबाईंनीच उघडलं. त्यांनी दोघींना चहा दिला, सगळी चौकशी केली, फोटो मागून घेऊन नीट पाहिला. परेश कामावरून आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी मेली तर आधी मला सांगत जा."

दुसरा कोणी असता तर चॅनेल बंद केलं असतं. परेशने पाहिलं की तो फोटो त्याच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी बघितला होता. त्याने कार्यशाळा जाहीर केली.

त्या कार्यशाळेला मी होते. खोटं कशाला सांगू, मीही हॅमॉक शिवून घेतला होता. थंडीचे दिवस होते, सोसायटीतली निम्मी माणसं आली होती, विलास सावंतसुद्धा. परेशने प्रत्येकाला गाठ शिकवली. तो खरोखर चांगला शिकवतो, चिडत नाही. दुपारपर्यंत ॲंजेलाबाईंच्या वाडीत झाडाझाडाला नारिंगी वटवाघळं लटकली. सावंत घोरायला लागले. खांबांच्या भाराबद्दल तेव्हा त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

फेबियन बावखलाच्या काठावर बसून हे सगळं बघत होता. त्याने परेशला बाजूला बोलावलं आणि विचारलं, ही माणसं पुन्हा येतील का? परेशला सल्लागार झाल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "येणारच. लोकांना निसर्ग हवाय रे."

"आणि अजून काय हवंय?" फेबियनने विचारलं.

परेशने आमच्यात फिरून विचारलं. आम्ही मोकळेपणाने सांगितलं. बायकांना स्वच्छ बाथरूम हवं होतं. सावंतांना गाडी सावलीत लावायची होती. कोणाला मोबाइल चार्जिंग, कोणाला मुलांसाठी पोहायची सोय, कोणाला थोडंसं म्युझिक. मी स्वतः सांगितलं की पायाखाली पाला फार आहे, किडा-मुंगी काही कळत नाही, जरा फरशी असती तर बरं. परेशने हे सगळं फेबियनला जसंच्या तसं सांगितलं, त्यात स्वतःच्या दोन सूचना घातल्या, आणि घरी येताना म्हणाला की हा मुलगा हुशार आहे, ऐकून घेतो.

पुढे परेश ऑर्डरी शिवण्यात गुंतला. आगाशीकडे जाणं राहिलं. ईस्टर झाल्यावर कधीतरी सुभद्राबाईंना ॲंजेलाबाईंचा फोन आला. त्या बराच वेळ नुसतं हं हं करत होत्या. फोन ठेवून त्यांनी मुलाला सांगितलं, "जाऊन बघून ये तुजा निसर्ग."

परेश ज्ञानदाला घेऊन गेला. पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि ती तिखटमीठ लावत नाही.

वाडीची रस्त्याकडची बाजू मोकळी झाली होती. चिकूच्या दोन रांगा गेल्या होत्या, तिथे खडी पसरून पार्किंग केलं होतं. बावखल खोदून चौकोनी केलं होतं आणि आत निळ्या फरश्या बसवायचं काम चालू होतं. सुपारी तोडून त्यांच्या खोडांचं कुंपण घातलं होतं, दिसायला छान. फेबियन मापं घेत होता. त्याने दोघांना हसून या म्हटलं.

परेशचा तोल गेला. ज्ञानदा म्हणते, तिने लग्नापासून त्याला इतकं खरं बोलताना पाहिलं नव्हतं. तो पक्ष्यांबद्दल बोलला, भूजलाबद्दल बोलला, वसईच्या हिरव्या पट्ट्याबद्दल बोलला. पूर्वजांनी लावलेली झाडं तोडताना हात कसा उचलला, असं त्याने फेबियनला विचारलं. कामावरची माणसं फरश्या बसवायची थांबली.

फेबियन चिडला नाही. तो म्हणाला, विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलंय, वाडीत कामाला माणूस मिळत नाही, आई आता नारळ मोजायलाही वाकू शकत नाही. "आणि लोकांना काय हवंय ते तूच सांगितलंस ना, परेशदादा? मी त्यात माझं एकही घातलेलं नाही."

ॲंजेलाबाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी परेशला जवळ बोलावलं.

"तुमची वाडी गेली त्या दिवशी सुभद्रा इथे आली होती," त्या म्हणाल्या. "ह्याच पायरीवर बसून रडली. संध्याकाळपर्यंत रडली. तू तेव्हा कुठे होतास?"

परेशला आठवेना. ज्ञानदाला वाटतं त्याला आठवलं होतं. तेव्हा तो बहुतेक लिफ्ट असलेल्या घराचे नकाशे बघत असावा.

"आज आलास, बरं झालं," ॲंजेलाबाई म्हणाल्या. "बस. चहा घेशील?"

त्याने चहा घेतला. खाली मान घालून घेतला. मग काहीतरी बोलायचं म्हणून फेबियनने त्याची एक अडचण सांगितली. जी झाडं उरली होती त्यांच्यातलं अंतर हॅमॉकला जुळत नव्हतं. कुठे फार लांब, कुठे अगदी जवळ. तेव्हा लोखंडी स्टँड घ्यावे लागणार होते. तयार स्टँडची किंमत त्याने सांगितली.

परेशने कप खाली ठेवला. "चार पाइपांचे एवढे?"

ज्ञानदा म्हणते, तिने डोळे मिटून घेतले. तिने डोळे उघडले तेव्हा परेश खडीवर बसून काडीने स्टँडची आकृती काढत होता. बांधकामाच्या परांचीचे जुने पाइप स्वस्तात मिळतील, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, खाली सिमेंट भरलं की हलणार नाही. फेबियन त्याच्या शेजारी उकिडवा बसला होता. ॲंजेलाबाईंनी ज्ञानदाकडे पाहिलं, आणि ज्ञानदाला दुसरं काही सुचेना म्हणून तिने कप उचलून आत नेऊन धुतले.

स्टँड परेशने केले. चांगले केले, एकही पडलेला नाही. पण त्या दिवसांत तो जरा वेगळा वागत होता हेही मी पाहिलं. एकदा आम्ही तिघं लिफ्टने वर येत होतो, तेव्हा त्याने आईला विचारलं की आपली विहीर नक्की कुठे होती. सुभद्राबाई म्हणाल्या, "तू उभा हायस तिथं. लिफ्टच्या खाली." दुसऱ्या दिवसापासून परेश जिन्याने ये-जा करू लागला. मला वाटलं, माणूस हलला आतून. आठवडाभराने त्याचे गुडघे दुखायला लागले आणि तो पुन्हा लिफ्टने जाऊ लागला.

फेबियनचं रिसॉर्ट दिवाळीच्या आधी सुरू झालं. नाव 'बावखल रिट्रीट'. बावखल कुठे आहे असं कोणी विचारलं तर स्विमिंग पूल दाखवतात. परेशचे नारिंगी हॅमॉक फेबियनने घेतले नाहीत. पाहुण्यांच्या फोटोत रंग भडक येतो, असं त्याचं म्हणणं. त्याने तयार, मातकट रंगाचे मागवले, त्याच किमतीला जी ऐकून आमच्या मजल्यावर पहिल्यांदा आरडाओरडा झाला होता. परेशचा स्वतःचा हॅमॉक तिथेच राहिला होता, त्यात आता पूलची मोटर गुंडाळून ठेवतात, पावसात भिजू नये म्हणून. माझा स्वयंपाकघरात आहे. त्यात मी कांदे टांगले आहेत, हवा चांगली लागते.

शनिवार-रविवार परेश तिथे जातो. त्याच्या टी-शर्टवर 'निसर्गमित्र' असं छापलंय. तो पाहुण्यांना स्टँडवर हॅमॉक बांधून देतो आणि झाडांच्या सान्निध्यात झोपण्याचे फायदे सांगतो. पाहुणे ऐकून घेतात आणि विचारतात की एसी रूम कुठल्या बाजूला आहेत. तो हात करून दाखवतो. मोबदला म्हणून फेबियन त्याला जेवण देतो आणि कार्डावर सल्लागार म्हणून नाव छापलंय, ते त्याने आम्हा सगळ्यांना वाटलं.

वाडीचा मागचा तुकडा मात्र ॲंजेलाबाईंनी मुलाला दिला नाही. घराच्या पाठीमागे थोडे चिकू, दोन-तीन नारळ, पडवळाचा मांडव. तो त्यांच्या नावावर आहे आणि त्यांनी मध्ये पत्र्याचं दार लावून त्याला आतून कडी घातली आहे. सुभद्राबाई बुधवारी तिथे जातात. कधी शेंगा निवडायला, कधी नुसत्याच. परेश त्यांना स्कूटरवरून सोडतो. त्याला आत कोणी बोलावत नाही. त्याने एकदा मांडव खचलाय, मी पाइपांचा करून देतो, असं पत्र्यापलीकडून सुचवलं होतं. आतून दोघी एकदमच नको म्हणाल्या.

म्हणून तो बाहेर स्कूटरवर बसून मोबाइल बघतो. आत त्या दोघी आपापल्या बोलीत बोलतात, सुभद्राबाई वाडवळीत, ॲंजेलाबाई त्यांच्या घरच्या बोलीत, आणि त्यांना काही अडत नाही. मध्येच मोठ्याने हसतात. परत येताना परेश विचारतो की एवढं हसायला काय झालं होतं.

"काय नाय," सुभद्राबाई म्हणतात, आणि पिशवीतले चिकू फुटू नयेत म्हणून ती मांडीवर नीट धरून बसतात.